रेहेमाच्या कांग्याच्या मागावर

आदिलाबादला मी तीन वर्षं उशिरा पोहोचले. गाडी मात्र वेळेवर होती.

मनमाडहून बसले ती सकाळी तिथे उतरले. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. स्टेशनबाहेरच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना कापसाचे पुंजके अडकले होते, कारण कापूस भरलेल्या गाड्या रात्रंदिवस तिथून जात होत्या. माझ्याजवळ एक छोटी बॅग होती, गुडघ्याला पट्टा होता आणि पर्समध्ये कागदावर लिहिलेलं एक नाव होतं: किसनराव मास्तर, मुक्काम बेला. हे नाव मला टांझानियातल्या टांगा गावी रेहेमाने दिलं होतं. ज्या कामासाठी दिलं होतं, ते मी केलं नव्हतं. रेहेमा आता या जगात नाही.

कोण रेहेमा, ते आधी सांगते. यजमान टांग्याच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे मी चार वर्षं तिथे काढली. समोरच्या घरात रेहेमा राहायची. पहिल्यांदा ती मला भेटली ती खाष्ट सासू म्हणून. टीव्हीच्या मालिकांत ती सुनांना छळायची, आणि इतकं मन लावून छळायची की भाजीबाजारात एका म्हातारीने तिला टोमॅटो द्यायला साफ नकार दिला. 'त्या पोरीला आधी घरात घे, मग ये,' असं म्हातारीने सुनावलं. रेहेमा हसत हसत रिकामी पिशवी घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी म्हातारीकडे जाऊन तिने सांगितलं, 'घेतलं घरात.' तेव्हा कुठे टोमॅटो मिळाले.

पण नटी ती नंतर झाली. आधी ती गायिका होती. त्या किनाऱ्यावर ताराब (लग्नाकार्यात वाद्यवृंदाबरोबर गायची गाणी) म्हणजे जीव की प्राण. रेहेमा पंधराव्या वर्षापासून लग्नांत गात होती. नवऱ्याने सांगितलं, गाणं किंवा मी. तिने गाणं ठेवलं. विशीत तिचं एक गाणं रेडिओवर लागलं आणि गावोगावी तिच्या तारखा मिळेनाशा झाल्या. समुद्रावर गेलेल्या माणसाची बायको दारात बसून त्याची वाट पाहते, एवढंच ते गाणं. पण त्याची चाल अशी की ऐकणारा बाकी काही करू शकत नसे. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गेला म्हणजे बोलण्यापुरता राहिला, तोही घोगरा. वर्षभर ती घराबाहेर पडली नाही. मग कुणीतरी तिला मालिकेत घेतलं, कारण घोगऱ्या आवाजाची सासू हवी होती. हे ती स्वतःच सांगायची आणि सांगताना मांडीवर थाप मारायची.

चाल कुठली, असं रेडिओवाल्यांनी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, माझ्या आजीची. पुढे जन्मभर हेच सांगत राहिली. खरं मला तिने मी निघायच्या आठवड्यात सांगितलं. चाल तिच्या आजीची नव्हतीच. ती शाळेत होती तेव्हा भारतातून आलेले एक गणिताचे मास्तर वह्या तपासताना ती गुणगुणायचे.

मग तिने एक पुडकं माझ्या हाती दिलं. आत कांगा होता. कांगा म्हणजे तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते रंगीत सुती कापड. ते जोडीने मिळतं आणि त्याच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं. बाया रंग नंतर बघतात, आधी वाक्य वाचतात. जे तोंडाने म्हणवत नाही ते कांग्यावरून म्हणायचं, मग ती जावेवरची चीड असो की नवऱ्यावरची माया. मला हे सगळं माहीत होतं. तरीही पुडकं उघडून मी वाक्य वाचलं नाही. भेटवस्तू आहे म्हटलं, बांधलेली बरी.

"मास्तरांच्या हातात दे," रेहेमा म्हणाली होती. "आणि ते बघताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला सांग."

मी नाशिकला आले. आधी गुडघा होता, मग भाचीचं लग्न, मग पाऊस, मग ऊन. कारणं शोधायला मला कधी लांब जावं लागत नाही. शेवटी वर्षभराने मी ते पुडकं पार्सलने पाठवून दिलं. आत चिठ्ठी टाकली, 'आपल्या एका विद्यार्थिनीकडून सप्रेम भेट. सविस्तर नंतर लिहिते.' ते नंतर कधी आलं नाही. पार्सल पोहोचल्याचा मेसेज फोनवर आला, तो पाहून मी रेहेमाला कळवलं, मिळालं. तिने लगेच विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, अजून काही नाही. पुढच्या ईदला तिने पुन्हा विचारलं. मी तेच उत्तर दिलं. त्यापुढच्या ईदला तिने विचारलंच नाही.

यंदा पावसाळ्यात तिच्या भाचीचा फोन आला, मावशी गेली. बोलता बोलता तिने सांगितलं, की तो कांगा मिळवायला मावशी चार बाजार फिरली होती. हवं ते वाक्य मिळत नव्हतं. वाक्य होतं 'निमेकोसा, निसामेहे'. मी चुकले, मला माफ करा. मी कापड म्हणून जे पाठवलं ते पत्र होतं, आणि माझ्या उत्तरामुळे रेहेमा असं समजून गेली की मास्तरांनी पत्र वाचलं आणि तोंड फिरवलं.

म्हणून हा प्रवास.

आदिलाबादच्या बसस्थानकावर पाट्या तेलुगूत. मी आत्मविश्वासाने एका बसमध्ये बसले आणि ती उटनूरला निघाली. शेजारच्या बाईने माझ्या तोंडून बेला हे नाव ऐकून कपाळाला हात लावला आणि कंडक्टरला तेलुगूत काहीतरी सांगून मला गावाबाहेरच्या फाट्यावर उतरवलं. परत स्थानकात येऊन, तीन जणांना विचारून, बेल्याच्या बसमध्ये बसले. एकदा पोहोचायचं ठरवल्यावर मी बसही चुकीची पकडावी, याचं हसूही आलं नाही.

बेला तिथून तासाभरावर, महाराष्ट्राच्या अगदी कडेला. दोन्ही बाजूंनी पांढरी शेतं. बाया कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. बस थांबली तिथे एक माणूस मोटारसायकलवर कापसाचं गाठोडं आवळत होता. त्याला मास्तरांचं घर विचारलं.

"कोन्ते मास्तर? आफ्रिकेवाले?" तो म्हणाला. "बौद्ध विहाराच्या मांगं जा, निळं दार हाये."

निळ्या दारात मास्तरांची सून उभी होती. वंदना तिचं नाव, तिथल्याच शाळेत शिक्षिका. मास्तर अंगणात खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंग काटक, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. मी नमस्कार केला आणि काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "शिकामू." वडीलधाऱ्यांना तिकडे असा नमस्कार करतात.

"मराहाबा," मास्तर म्हणाले. त्याचं हे ठरलेलं उत्तर. ते तोंडातून गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्सानं हा शब्द निंगाला तोंडातून. कोन तुमी?"

मी टांग्याचं नाव घेतलं, शाळेचं घेतलं, रेहेमाचं घेतलं.

"दुसऱ्या बाकावरची," ते लगेच म्हणाले. "पाढे पाठ नाई कराची. गाऊन दाखवाची. सातचा पाढा गायला तर येईन, बोलला तर चुकन. कशी हाय?"

मी सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि वंदनाला म्हणाले, "पोरी, यायले जेवाले वाढ आधी." ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तिखटजाळ ठेचा. मला भूक नव्हती, पण पाहुणी जेवली नाही तर मास्तर उठणार नाहीत, हे दिसत होतं.

जेवणानंतर मी फोनवर रेहेमाचं गाणं लावलं. रेडिओवरून कुणीतरी टेप केलेलं, खरखर भरपूर. पहिल्या दोन ओळी मास्तरांनी मान हलवत ऐकल्या. तिसऱ्या ओळीला मान थांबली. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "पुन्हा लावा." असं तीनदा झालं.

"माय गायाची हे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाले जाय. मले झाडाले झोई बांधून झोपवे. मोठा झालो, मंग मी बी येचाले जाऊ. शिक्षन झालं, नोकरीनं थेट आफ्रिकेले नेलं, पन वह्या तपासाले बसलो का हेच तोंडात ये. मले मालूमही नोतं का मी गुनगुनतो."

मग मी, रेहेमाने ही चाल जन्मभर आजीची म्हणून सांगितली ते आणि कांग्याचं सांगितलं. त्यावरचं वाक्यही सांगितलं. म्हटलं, ती माफी मागत होती, तुम्ही काय म्हणता?

मास्तर वंदनाकडे वळले. "असं कापड आलं होतं का घरी?"

वंदनाचा चेहरा पडला. "आलं होतं मामाजी. तवा तुमी नागपूरले होते, डोयाच्या आपरेशनले." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मामाजीले लोकं येवढ्या शाली देतेत, दुपट्टे देतेत, ठेवाच्या कुठी? चिठ्ठीत लिवलं होतं विद्यार्थिनीकडून. मले वाटलं, नेहमीसारखा सत्कार."

तिने लोखंडी पेटी उघडून दाखवली. निवृत्त शिक्षकाचं घर ते. तीस वर्षांचे विद्यार्थी, त्यांची लग्नं, त्यांच्या वास्तुशांती, प्रत्येक ठिकाणी शाल आणि श्रीफळ. नारळ संपतात, शाली साठतात, आणि मग घडी न मोडता पुढच्या आहेरात जातात. हे आपण सगळेच करतो. माझ्या कपाटात आत्ताही तशी चार कापडं आहेत.

"कोयरी होती त्याच्यावर, मरून रंगात," वंदना म्हणाली. "काठाले काई अक्षरं होती. म्या म्हटलं, मिलचं नाव असन."

ती कोयरी नसणार, कांग्यावर तसा काजू असतो. पण कापडाच्या काठावर आपल्याकडे मिलचंच नाव असतं, तेव्हा तिला दोष कसा देऊ? ते कापड तिने इचोड्याच्या मैत्रिणीला, शोभाला, मुलीच्या लग्नात दिलं होतं.

"वाक्य तर मी तुम्हाला सांगितलंच," मी मास्तरांना म्हटलं. "कापड नसलं तरी—"

"पेपर पाह्यल्याबिगर मार्क देत नाई मी," मास्तर म्हणाले. "उद्या रविवार हाय. वंदनाले सुट्टी. जाऊ."

वंदनाची नजर खाली होती. मी तिला समजावत होते की तुझं काही चुकलं नाही. माझं काय चुकलं, ते मात्र मी अजून मास्तरांना सांगितलं नव्हतं. रेहेमाला मी काय उत्तर दिलं होतं, ते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. आदिलाबादला बस बदलून इचोडा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, ट्रकांची रांग आणि मधूनमधून दुकानं. शोभाचं बांगड्यांचं दुकान एका ढाब्याच्या शेजारी होतं. आम्ही गेलो तेव्हा ती एका तेलुगू बाईच्या हातात बांगड्या चढवत होती. तिचं काम होईपर्यंत आम्ही ढाब्यावर मिरपकाय बज्जी (मिरचीची भजी) खाल्ली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तर शांतपणे दुसरी खात होते.

शोभाने सगळं ऐकलं आणि आधी वंदनालाच झापलं. "तुले आलेलं कापड तू मले देल्लं, अन् मी का घरात ठेवू? माह्या घरी का जागा हाये?" मग आठवून म्हणाली, "नंदेच्या पोरीची ओटी भरली, तवा दिलं. मंजुळाले. निर्मलले राह्यते थे. रंग चांगला होता म्हून दिलं, जुनं झालं म्हून नाई." हे शेवटचं तिने माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणजे बाहेरच्या माणसाचा गैरसमज नको.

तिने फोन लावला. तिकडून मंजुळा काय म्हणाली ते कळलं नाही, पण शोभा हसायला लागली. "हाये म्हने. जपून हाये. रोज वापरून राह्यली."

निर्मलपर्यंतच्या घाटात मास्तर खिडकीशी बसले होते. सागाची झाडं पानं टाकायच्या बेतात होती. मी शेजारी बसून मनाशी वाक्यं जुळवत होते. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच विचारलं. एकदा विचारलं, तुम्ही तिकडून परत का आलात? ते म्हणाले, मायची तब्येत. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा कधी रेहेमाला पत्र लिहिलं नाही? ते म्हणाले, "सहा वर्सं शिकवलं, दरवर्साले चाळीस पोरं. कोना-कोनाले लिवाचं? वाटलं, ज्याले गरज असन थे लिवन."

निर्मलला मंजुळाचा नवरा खेळण्यांना रंग देतो. दाराशी पोनिकी लाकडाचे (हे लाकूड इतकं हलकं की हातात घेतल्याचं कळत नाही) पेरू, केळी आणि सीताफळं वाळत घातली होती. एक वांगं मी खरं समजून उचललं. मंजुळाने आम्हाला आत बोलावलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आढ्याला झोळी बांधली होती. झोळीत चार महिन्यांची मुलगी झोपली होती. झोळी मरून रंगाची, पिवळ्या काजूंची. अक्षरं खालच्या बाजूला आली होती, अर्धी दुमडलेली, आणि त्यांच्यावर त्या पोरीचं वजन होतं.

"काढू का सोडून?" मंजुळाने हळूच विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. "झोपलेलं लेकरू उठवू नये. थांबतो."

आम्ही ओट्यावर तासभर थांबलो. चहा झाला. मंजुळाच्या नवऱ्याने मास्तरांना चिंचेच्या बियांची खळ कशी करतात ते सांगितलं आणि मास्तरांनी प्रमाण विचारून घेतलं. मध्येच आत झोळी करकरली तेव्हा मास्तर नकळत गुणगुणायला लागले. तीच चाल. मी फोनवर शंभर वेळा ऐकलेली, आणि तरी ती मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. रेहेमाने समुद्र गायला होता. हे गाणं मात्र वाकून, पाठ दुखेपर्यंत कापूस वेचणाऱ्या बाईचं होतं.

मुलगी उठली. मंजुळाने तिला कडेवर घेतलं आणि झोळी सोडून कापड मास्तरांच्या मांडीवर पसरलं. धुऊन धुऊन मऊ झालं होतं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वर्गात वाचतात तसं, प्रत्येक अक्षराखाली बोट धरत मोठ्याने वाचलं.

"निमेकोसा. निसामेहे."

मग त्यांनी कापडावरून हात फिरवला. "काऊन मागतली तिनं माफी? चाल माही नोयच. माह्या मायची होय. अन् मायनं थे वावरात कोनाच्या तोंडून घेतली, थे तिलेबी सांगता आलं नसतं. रेहेमानं रेडिओवर गायली, हजारो लोकायनं आयकली. आमच्या मायचं कोनं आयकलं होतं?" त्यांनी कापडाची दुमडलेली कड सरळ केली. "मले तीन वर्साआंधी कयलं असतं, तर फोनवर म्हटलं असतं तिले, का पोरी, तुह्या सातच्या पाढ्याले बी मार्क देल्ले आज."

आता सांगितलं नसतं तर मी पुन्हा कधीच सांगितलं नसतं. म्हणून तिथेच, मंजुळा, तिचा नवरा आणि वंदना यांच्या समोर, सांगून टाकलं. मी स्वतः यायचं कबूल केलं होतं आणि पार्सल केलं. ते पोहोचल्याचा मेसेज पाहून तिला कळवलं, मिळालं. ती विचारत होती, मास्तर काय म्हणाले, आणि मी सांगत होते, काही नाही. ती तेच समजून गेली.

मंजुळाची मुलगी हुंकारत होती.

"तिनं चाल घेतली, थे चुकलं नाई," मास्तर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुमी माहं उत्तर देल्लं, थे चुकलं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी कापड घडी करून मंजुळाला परत दिलं. ती नको नको म्हणत होती, तुमचं आहे, घेऊन जा म्हणत होती. ते म्हणाले, "बांध पुन्हा. बराबर जागी हाये." मग त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी पर्समधला, त्यांच्याच नावाचा कागद काढून दिला. त्याच्या मागे त्यांनी एक शब्द लिहिला, घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली.

"तिच्या मातीपाशी ठेवा," ते म्हणाले. "पोस्टानं नको."

परतताना आदिलाबादच्या बसस्थानकावर वंदना माझ्यासाठी बोरं घेऊन आली. मास्तर खिडकीतून म्हणाले, "गुडघा सांभाळा." त्यांची बेल्याची बस निघाली. ते मागे वळून पाहतील असं मला वाटलं होतं. नाही पाहिलं.

नाशिकला येऊन मला दीड महिना झाला. चिठ्ठीतला शब्द आहे 'हुकुकोसा'. तू चुकली नाहीस. फोन करून भाचीला तो सांगून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि रोज संध्याकाळी माझा हात फोनकडे जातो. पासपोर्टची मुदत संपलेली निघाली. नव्यासाठी अर्ज केला आहे. यजमान म्हणतात, या वयात, या गुडघ्यांनी, एका शब्दासाठी कशाला एवढ्या लांब? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण रेहेमाने विचारलं होतं, मास्तर काय म्हणाले, आणि त्याचं उत्तर आज माझ्या पर्समध्ये आहे. ते मी माझ्या मनाने दिलेलं नाही. ते मास्तरांच्या हातचं आहे, आणि ते मला माझ्या हाताने पोहोचवायचं आहे.